रोल घरी धुवायचा कशाला?

सुरतेहून वडोदऱ्याकडे जाणारी गाडी तापी ओलांडते, उत्राण मागे पडतं आणि कोसाड येतं. सुरतेतला मराठी माणूस म्हटला की उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली ही नावं आधी तोंडावर येतात. जळगाव-धुळे-नंदुरबारकडून आलेली खानदेशी कुटुंबं तिकडेच जास्त स्थिरावली. पण नदीच्या या बाजूला, अमरोली-कोसाडकडेही मराठी घरं आहेत आणि अशाच एका घरातला हा वाद. पात्रं रचलेली आहेत, वाद मात्र घरी रोल धुणाऱ्या कुणालाही ओळखीचा वाटेल. मामांचा एके काळी लिंबायतला फोटो स्टुडिओ होता. भाची टेक्स्टाइल मार्केटमध्ये हिशेबाचं काम करते आणि सुट्टीच्या दिवशी घरच्या बाथरूममध्ये ब्लॅक अँड व्हाइट रोल धुते. जुन्या माणसाने जुन्याची बाजू घ्यावी आणि नव्याने नव्याची, असं इथे घडत नाही.

मामा : मला एक सांग पोरी, ज्या कामातून आम्ही सुटलो ते तू हौसेनं गळ्यात का बांधून घेतलंस? लग्नाचे रोल यायचे, रात्रभर उभं राहून धुवायचे आणि सकाळी गिऱ्हाईक दारात हजर. डेव्हलपरमधल्या मेटॉलनं बोटांना खाज सुटायची, नखं तपकिरी पडायची. रंगीत आलं, मशीनवाल्या लॅब आल्या, आणि मी त्या खोलीत झेरॉक्सचं मशीन बसवलं. त्या खोलीची एक दिवस आठवण आली नाही मला.

भाची : तुम्ही धंदा केलात मामा. गिऱ्हाइकाची घाई तुमच्या मानेवर होती, माझ्या नाही.

मामा : हौस म्हण ना सरळ. हौसेला माझी हरकत नाही. पण घरी धुतल्यानं फोटो चांगला येतो असं म्हणू नकोस. लॅबला दे, ते धुऊन देतील.

भाची : रोल लॅबला दिला की तो इतरांच्या रोलांबरोबर एकाच टाकीत, एकाच वेळेला जातो. परवाचा रोल मी संध्याकाळी स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर काढला. एचपी५ प्लस, ४०० चा, पण उजेड नव्हता म्हणून १६०० धरून. तो आयडी-११ डेव्हलपरमध्ये नेहमीसारखा साडेसात मिनिटं ठेवला असता तर फिकट पडला असता. त्याला चौदा मिनिटं दिली. हे मी कुरिअरच्या पाकिटावर लिहून पाठवू का?

मामा : लिहून पाठवलंस तरी करतील की कुणीतरी. आणि चौदा मिनिटांनी काय मिळवलंस? सावलीत जे पडलंच नव्हतं ते आलं का?

भाची : नाही आलं. बाकावर बसलेल्या माणसाचे पाय गेले ते गेलेच.

मामा : जाणारच. सावली ठरते फोटो काढताना, उजळ भाग ठरतो धुताना. डेव्हलपरमध्ये चौदा मिनिटं ठेव नाहीतर चाळीस, ज्या जागी उजेड पोचलाच नाही तिथे चांदी काळी व्हायची कशी? तुम्हा पोरांना वाटतं टाकीत काहीतरी जादू आहे.

भाची : जादू नाही म्हणत मी. पण हे जे तुम्ही आता सांगितलंत, सावली कशानं ठरते आणि उजळ भाग कशानं, ते मला रोल घरी धुतल्यावर कळलं. लॅबकडून नुसता निकाल येतो. बिघडलं तर उजेड चुकला, मीटर चुकला की धुणं चुकलं, काही पत्ता लागत नाही.

मामा : बरं, हे मान्य. पण एक सांग, वीस डिग्री कुठून आणतेस? सगळ्या पाकिटांवर वीस डिग्री लिहिलेलं असतं. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं. बर्फ टाकतेस?

भाची : वीसच्या मागे मी लागतच नाही. आयडी-११ मध्ये तेवढंच पाणी घालून पातळ करते. वीसला त्याला तेरा मिनिटं लागतात. दर डिग्रीला वेळ साधारण दहा टक्क्यांनी उतरतो, म्हणून चोवीसला साडेआठ-नऊ धरते. तिसाला गेलं तर हिशेब पाच मिनिटांच्या खाली येतो आणि मग टाकीत ओतताना-काढताना होणारा उशीरसुद्धा फोटोत दिसतो. फ्रिजमधल्या बाटल्यांनी पाणी चोवीसवर आणणं अवघड नाही. मोठा टब घ्यायचा आणि डेव्हलपर, फोटो पक्का करणारा हायपो, धुण्याचं पाणी, सगळं त्या टबातच बसवून ठेवायचं.

मामा : धुण्याचं पाणीसुद्धा?

भाची : तेसुद्धा.

मामा : मग जमलं. इथेच सगळे फसतात. डेव्हलपर थंड आणि मग नळाचं गरम पाणी धाडकन ओततात. जिलेटिन आधीच फुगून नाजूक झालेलं असतं. एकदम गरम-थंड झालं की त्यावर आटलेल्या तळ्याच्या गाळासारखी जाळी पडते, ती पुन्हा जात नाही. आताची फिल्म टणक असते म्हणतात, पण परीक्षा कशाला घ्या? आम्ही उन्हाळ्यात डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फेट टाकायचो, म्हणजे जिलेटिन फारसं फुगत नाही. पुढे क्रोम अ‍ॅलमचं पाणी, ते कडक करायला. गरम देशांसाठीच्या त्या युक्त्या कोडॅकनेच सांगून ठेवलेल्या होत्या.

भाची : म्हणजे तुम्हीही हिशेब करत होता. तुमचा आणि माझा हिशेब एकच, फक्त मी लिहून ठेवते.

मामा : आम्ही पाकीटसुद्धा विकत घेत नव्हतो. डी-७६ कोडॅकनं १९२७ पासून विकायला काढलं, तुझं आयडी-११ म्हणजे इलफर्डच्या घरचं जवळपास तेच. मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १००, हायड्रोक्विनोन ५, बोरॅक्स २, पाणी लिटरभर. तराजूवर तोलायचं आणि त्याच क्रमानं विरघळवायचं. मेटॉल आधी. सल्फाइट आधी ओतलंस तर मेटॉल विरघळायला तयारच होत नाही, पांढरे कण तळाशी बसून राहतात. आणि तेव्हा रोल उटीचा. हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’. सरकारी कारखाना, कंपनी १९६० साली निघालेली. आज तो बंद, आणि तू विलायती रोल घेतेस.

भाची : म्हणूनच शंभर फुटी डबा आणायच्या विचारात आहे. घरी कापून भरला तर ३६ फोटोंचे अठराएक रोल निघतात.

मामा : भरणार कुठे? त्या काळ्या पिशवीत?

भाची : तेवढं एक मात्र मला अजून जड जातं. चेंजिंग बॅगेत दोन्ही हात कोपरापर्यंत घालायचे, आत डबी फोडायची, फिल्मचं तोंड सरळ कापायचं आणि ते प्लास्टिकच्या रिळाच्या खाचेत शिरवून मनगटं मागे-पुढे फिरवत राहायचं. हिवाळ्यात दोन मिनिटांचं काम. पण पावसाळ्यात पिशवीच्या आत हातांना घाम सुटतो, रीळ दमट होतं आणि निम्म्यावर गेलेली फिल्म तिथेच अडते. जोर लावला तर दुमडते, आणि दुमडलेल्या जागी फोटोवर चंद्रकोरीसारखा डाग येतो. आता मी पिशवी वापरत नाही. रात्री सगळे दिवे बंद करून, दाराच्या फटीला टॉवेल लावून बाथरूममध्येच भरते.

मामा : लाल दिवा?

भाची : मुद्दाम विचारताय ना? लाल दिवा कागदाला चालतो. या फिल्मला लालही दिसतं. मिट्ट काळोखच हवा.

मामा : बघत होतो, सिनेमा बघून शिकलीस की काय. सिनेमातला फोटोग्राफर लाल दिव्याखाली फिल्म उलगडून बघतो आणि आम्ही थेटरात डोक्याला हात लावायचो. रीळ स्टीलचं घे, घामानं अडत नाही. आता सिनेमाचंच निघालं म्हणून सांगतो. दादासाहेब फाळक्यांनी घरात फिल्म धुतली ती सोय नव्हती म्हणून. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेला माणूस, गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा केलेला. दुसरीकडे सोय असती तर त्यांनी घरात हा पसारा मांडला नसता. तू सोय असून मांडतेस.

भाची : फाळक्यांच्या घरात धुणारं कोण होतं, ते का नाही सांगत? सरस्वतीबाई. विलायतेहून आलेल्या कच्च्या फिल्मच्या कडेला भोकं पाडायची, तीही काळोखात, ते त्या शिकल्या. रसायनं कालवणं, फिल्म धुणं त्यांच्या हातचं. घरात माणसांचा राबता, सगळ्यांचा स्वयंपाक, आणि त्यावर हे. ३ मे १९१३ ला कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तेव्हा पडद्यावर जे दिसलं त्यातलं काहीच धुतल्याशिवाय दिसलं नसतं. नाव कुणाचं लागलं?

मामा : ते खरं आहे.

भाची : मला त्यातून एवढंच म्हणायचंय, धुणं म्हणजे फोटोग्राफीचं हलकं काम, खरी कला कॅमेऱ्यामागे, हे मला पटत नाही. तुमच्याही स्टुडिओत पाटीवर नाव तुमचं आणि रात्री रोल धुणारा पोरगा दुसराच होता.

मामा : पोरगा होता. नंतर त्यानं स्वतःचा स्टुडिओ काढला, माझ्यापेक्षा चांगला चालवला. बरं, मी धुणं हलकं म्हणत नाही, कंटाळवाणं म्हणतो. डेव्हलपर झाला की तुम्हा मंडळींचा जीव भांड्यात पडतो. झाकण उघडून फोटो आला का बघायची घाई. हायपो किती वेळ देतेस?

भाची : घड्याळावर नाही ठरवत. रोल कापताना तोंडाचा तुकडा उरतो, तो उजेडातच हायपोत टाकते. दुधट रंग जाऊन तुकडा पारदर्शक व्हायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ रोलला. तुकडा साफ व्हायला नव्या हायपोच्या दुप्पट वेळ लागायला लागला की तो हायपो बाद.

मामा : आणि बाद हायपो कुठे जातो? मोरीत?

भाची : डब्यात साठवते.

मामा : फिल्मवरची जी चांदी फोटोत लागली नाही ती सगळी हायपोत उतरलेली असते. आमच्याकडे वापरलेला हायपो न्यायला माणूस यायचा, चांदी काढायला. जरीच्या गावात चांदीचा कण कुणी सोडतो का? पैशाचं जाऊ दे, एका रोलमध्ये असते ती किती. पण तीच चांदी पाण्यात गेली की पाण्यातल्या जीवांना बाधते. तापीत आधीच काय कमी जातं? डब्यात भांडी घासायची लोखंडी घासणी टाकून ठेव, गंज न धरणारी नको, साधी. लोखंड विरघळत जातं आणि चांदी काळ्या गाळासारखी खाली बसते. गाळ वेगळा ठेवायचा.

भाची : हे माझ्याकडून राहत होतं, करते. पण धुण्याला पाणी किती लागतं यावरून मागे तुम्ही माझ्यावर चिडला होतात ते विनाकारण. नळ सोडून ठेवत नाही मी. टाकीत एका रोलला ३०० मिलिलिटर पाणी मावतं. भरायचं, पाच वेळा उलटसुलट करायचं, ओतायचं. पुन्हा भरायचं, दहा वेळा. पुन्हा, वीस वेळा. झालं. इलफर्डनं सांगितलेली पद्धत आहे. लिटरभरसुद्धा पाणी लागत नाही.

मामा : आणि तेवढ्यानं हायपो निघतो यावर तुझा विश्वास आहे?

भाची : कडक करणारं काही हायपोत घातलेलं नसेल तर निघतो. तुमच्या क्रोम अ‍ॅलमच्या दिवसांत निघाला नसता. मी तरी चौथ्यांदा एक पाणी जास्त घालते, तुमच्या धाकानं म्हणा.

मामा : माझा धाक तेवढ्यासाठीच आहे. डेव्हलपर चुकला तर लगेच कळतं. हायपो नीट धुतला गेला नाही तर दहा-वीस वर्षं काही कळत नाही. मग एक दिवस निगेटिव्ह पिवळी पडायला लागते, आणि तेव्हा त्यातली माणसं पुन्हा उभी करता येत नाहीत. तुझ्या वयाच्या पोरांना डेव्हलपरवर तासन् तास भांडताना बघतो. कुठल्याचा ग्रेन बारीक, कुठला धारदार. कुणी कॉफी, धुण्याचा सोडा आणि व्हिटॅमिन सी कालवून त्यात धुतात.

भाची : कॅफेनॉल. १९९५ साली अमेरिकेत, रॉचेस्टरच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी करून बघितलं. चालतं ते.

मामा : चालू दे. पण हायपोवर कुणी भांडत नाही, कारण त्यात मिरवण्यासारखं काही नाही. आणि वाळवण्याबद्दल तर कुणी बोलतच नाही.

भाची : मी बोलते, कारण वाळवण्यात माझा निम्मा जीव जातो. आसपास एम्ब्रॉयडरीची मशीनं, लूमची खाती, रस्त्याची धूळ. ओली फिल्म चिकट असते, हवेत जे काही तरंगतं ते तिच्यावर बसतं. म्हणून बाथरूममध्ये आधी गरम पाण्याचा शॉवर सोडून वाफ करते. वाफेबरोबर धूळ खाली बसते. मग पंधरा मिनिटं दार बंद. शेवटचं पाणी नळाचं नाही, डिस्टिल्ड वॉटर, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला मिळतं ते. त्यात वेटिंग एजंटचे दोन थेंब, म्हणजे पाणी थेंबांनी न साचता सरळ ओघळतं. वर एक क्लिप, खाली वजनाची दुसरी, आणि सकाळपर्यंत त्या दाराला कुणी हात लावायचा नाही.

मामा : बोटांनी पाणी निपटत नाहीस? पहिलं आणि मधलं बोट ओलं करून कात्रीसारखं धरायचं आणि वरून खाली एकदाच ओढायचं. दोन तासांत वाळते.

भाची : नाही. बोटात एक कण अडकला तर वरपासून खालपर्यंत ३६ च्या ३६ फोटोंवर एक सरळ रेघ.

मामा : आयुष्यभर ओढली मी बोटं.

भाची : आणि तुमच्या जुन्या निगेटिव्हवर रेघा आहेत. मी स्कॅन केल्या आहेत ना, मला माहीत आहे.

मामा : छापताना दिसत नव्हत्या त्या. एन्लार्जरचा उजेड मऊ असला, निगेटिव्हवर नाकाचं तेल चोळलं की रेघ भरून जायची. उरलंच तर ब्रशनं टचिंग. कुठलीही रेघ गिऱ्हाइकाच्या घरी गेली नाही. तुझं स्कॅनर सगळं उघडं पाडतं आणि मग तू संगणकावर तासभर ठिपके पुसत बसतेस. त्यापेक्षा ते धूळ काढणारं मशीन का घेत नाहीस? रंगीत निगेटिव्हचं बघितलंय मी, धूळ आपोआप जाते.

भाची : रंगीतला जाते. ते मशीन इन्फ्रारेड उजेडानं एकदा जास्त बघतं. रंगीत फिल्ममध्ये शेवटी रंगच उरतात, चांदी धुऊन निघालेली असते. इन्फ्रारेड त्या रंगांतून आरपार जातो आणि फक्त धुळीला अडतो. इथे फोटोच चांदीचा. इन्फ्रारेड त्या चांदीलाही अडतो, आणि मशीन माणसाचा पांढरा सदरासुद्धा धूळ समजून पुसायला निघतं. म्हणून ब्लॅक अँड व्हाइटला ती सोय नाही. जी धूळ बाथरूममध्ये बसू दिली ती एकेक ठिपका हातानंच काढायची. स्कॅनिंगचं निम्मं काम दोरीवरच होऊन गेलेलं असतं, चांगलं किंवा वाईट.

मामा : आता मुख्य मुद्द्यावर आलीस. एवढा काळोख, एवढं मोजमाप, आणि शेवटी करतेस काय? डिजिटल कॅमेऱ्यानं निगेटिव्हचा फोटो काढतेस! मग त्याच कॅमेऱ्यानं सरळ माणसाचा का नाही काढला? मधले सगळे कष्ट वाचले असते.

भाची : माणूस निघून जातो मामा, निगेटिव्ह हातात राहते. आज माझ्याकडे २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे. फिल्मची ३६ मिलिमीटरची लांबी त्यात ६००० ठिपक्यांत बसते, म्हणजे इंचाला ४२०० च्या वर. सपाट स्कॅनरच्या खोक्यावर ६४०० लिहिलेलं असतं, पण प्रत्यक्षात तेवढा बारकावा त्यातून निघत नाही. पुढे याहून चांगलं काही आलं तर हीच निगेटिव्ह पुन्हा समोर ठेवता येईल. डिजिटलनं काढलेला माणूस त्या दिवशीच्या कॅमेऱ्यात अडकला तो अडकला.

मामा : कॅमेऱ्यानं करतेस म्हणून तरी बरं. नेमकं करतेस कसं, दाखव बघू.

भाची : कॅमेरा स्टँडवर उलटा टांगलेला, खाली पांढऱ्या उजेडाची पाटी, त्यावर निगेटिव्हची चौकट. पाटीचा उघडा भाग काळ्या कागदानं झाकायचा, नाहीतर बाजूचा उजेड लेन्समध्ये शिरून काळं करडं होतं. मग निगेटिव्हच्या जागी छोटा आरसा ठेवायचा. कॅमेऱ्यात लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब बरोबर मधोमध दिसलं की कॅमेरा आणि निगेटिव्ह समांतर. दिसलं नाही तर एका कोपऱ्यातला ग्रेन धारदार आणि दुसऱ्यातला पसरट. आयएसओ १००, एफ-८, आणि फोकस चेहऱ्यावर नाही, ग्रेनवर. शटर दोन सेकंदांनी आपोआप पडतं, बोटाचा धक्काही नको. आणि मालगाडी जात असेल तर थांबायचं, टेबल थरथरतं.

मामा : मालगाडीचा काय हिशेब लावणार तू? या लाइनीवर गाड्या कधी थांबतात?

भाची : म्हणून रात्री उशिरा करते.

मामा : सगळं बरोबर करतेस, तरीही मला पटत नाही. निगेटिव्ह बनवली जाते कागदासाठी. धुतानाच ठरवावं लागतं की ती जाणार कुठे. हे बघ, तुझी ही निगेटिव्ह पातळ आहे.

भाची : मुद्दाम. स्कॅन करायची तर उजळ भाग फार दाट झालेला चालत नाही, त्यातून उजेड पोचत नाही आणि आभाळ कुसकरलेलं दिसतं. म्हणून वेळ थोडा कमी देते. कॉन्ट्रास्ट नंतर संगणकावर वाढवता येतो.

मामा : आणि उद्या कुणाला हिचा फोटो ब्रोमाइडवर छापावासा वाटला तर? दोन नंबरच्या कागदावर मिळमिळीत येईल, तीन-चार नंबरचा कडक कागद लागेल. म्हणजे तू धुताना मशीनची सोय बघितलीस, कागदाची नाही. एकीकडे म्हणतेस निगेटिव्ह पुढच्या काळासाठी आहे, आणि दुसरीकडे तिला आजच्या कॅमेऱ्याच्या मापाची कापतेस.

भाची : …हे मात्र खरं. पण तीन नंबरच्या कागदावर छापता येणं म्हणजे छापता न येणं नव्हे. आणि छापतं कोण आता? तुम्हीच सोडलंत.

मामा : मी सोडलं कारण कुणी मागत नव्हतं. तू तुझ्यासाठी करतेस म्हणालीस ना? मग तुला कुणी मागायची वाट कशाला बघायची?

भाची : बरं, पण निगेटिव्ह टिकते, फाइल टिकत नाही, हे तरी मानता की नाही? हार्ड डिस्क एक दिवस चालूच होत नाही.

मामा : निगेटिव्ह टिकते म्हणजे कशी टिकते? आपण सुरतेत राहतो. ऑगस्ट २००६ ला उकाईतून पाणी सोडलं आणि रांदेर-अडाजणपर्यंत घरांत तापी शिरली. ओळखीच्यांचे अल्बम माझ्याकडे आणले लोकांनी. छापील फोटो एकमेकांना चिकटून वाळलेले, सोडवायला गेलं की चेहरा कागदासकट निघायचा. ज्यांनी निगेटिव्ह ओल्याच आणल्या त्यांच्या थोड्याफार वाचल्या. स्वच्छ गार पाण्यात ठेवल्या, गाळ सुटू दिला, एकेक वेगळी करून टांगल्या. पण अशा किती?

भाची : म्हणजे वाचल्या. हार्ड डिस्क पुरात गेली तर दोरीवर टांगून वाळवता येत नाही.

मामा : पूर नाही आला तरी इथली हवा आहे. दमट. चार महिने बुरशीला मोकळं रान. आणि जुनी फिल्म अ‍ॅसिटेटची, उष्मा आणि ओल लागली की सडायला लागते, डबा उघडला की व्हिनेगरचा वास येतो. एकदा वास सुटला की त्या डब्यातल्या बाकीच्यांनाही लागण. त्याआधीच्या नायट्रेटची तर गोष्टच सोड. २००३ साली पुण्यात नायट्रेटच्या साठ्याला आग लागली, केवढा जुना सिनेमा राख झाला. फाळक्यांच्या ‘हरिश्चंद्र’चीसुद्धा थोडीच रिळं उरली आहेत, आणि ती १९१३ ची की नंतर पुन्हा काढलेल्या सिनेमाची, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आपोआप काही टिकत नसतं.

भाची : पण पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात करतात काय? स्कॅन करतात आणि मूळ रीळही सांभाळून ठेवतात. दोन्ही. मी त्याहून वेगळं काय करते? हवाबंद डबा, सिलिका जेल, निळे दाणे गुलाबी झाले की गरम करून पुन्हा निळे. पीव्हीसीची पाकिटं नाहीत, बटर पेपरची. आणि स्कॅनच्या दोन प्रती, एक इथे, एक भावाकडे नाशिकला.

मामा : आणि पाकिटावर काय लिहिलंय? वाच.

भाची : ‘एचपी५, १६००, आयडी-११, १४ मि., २४ अंश’… नाही, हा वीसला होता.

मामा : डिग्री राहू दे. फोटोत कोण आहे? प्लॅटफॉर्म कुठला? साल कोणतं? माझ्या स्टुडिओतल्या निगेटिव्ह पेट्यांत पडल्या आहेत, त्यावर पावती नंबर आहेत. पावतीपुस्तकं रद्दीत गेली. शेकडो चेहरे, एकाचंही नाव लागत नाही. उत्तम धुतलेल्या, एकही पिवळी नाही. काय उपयोग?

भाची : हे मी करायला घेते. आधी नावगाव, साल, मग स्कॅन. नाव लिहिल्याशिवाय निगेटिव्ह पाटीवर ठेवायची नाही.

मामा : पेन्सिलनं लिही, शाई फुटते. आणि फिल्म आत घालायच्या आधी लिही, नंतर दाबून लिहिलंस तर ओरखडा उठतो.

भाची : म्हणजे धुणं, वाळवणं, लिहिणं यावर आपलं एकमत झालं. वाद उरला फक्त स्कॅनचा.

मामा : फक्त कसा? तोच मोठा वाद आहे. स्कॅन केलं की ३६ फोटो एकसारखे डोळ्यासमोर येतात, सगळे बरे वाटतात, सगळे फोनवर जातात. कागद महाग असतो, म्हणून कागद निवड करायला लावतो.

भाची : मग द्या एन्लार्जर. मामी सांगत होत्या, माळ्यावर आहे अजून.

मामा : विकत घ्यायला कुणी आलं नाही म्हणून आहे.

भाची : झेरॉक्स मशीन बसवल्यावर भंगारवाला तर आला असेल?

मामा : तू विषय बदलू नकोस. एन्लार्जर ने, माझी ना नाही. लेन्सला बुरशी लागली असेल, आधी ती बघ. पण तो न्यायच्या आधी त्या प्लॅटफॉर्मच्या रोलमधून छापण्याजोगे तीन निवडून आण. मला पटतील असे नकोत, तुला का निवडलेस ते सांगता आलं पाहिजे. ३६ मधले तीन ज्याला निवडता येत नाहीत त्यानं रोल घरी धुतला काय आणि लॅबला दिला काय, सारखंच.